सावलीचं वेळापत्रक

३ मार्च २०२४, अमळनेर

साहित्य संमेलनाचे मांडव उतरून महिना झाला, गाव पुन्हा आपल्या चालीवर आलं. आजपासून गल्लीच्या चित्रमालिकेचं काम हाती धरलं. जलरंग, ३०० जीएसएमचा खरबरीत कागद. जागा ठरवून टाकल्या: समोरच्या घराचा उत्तरमुखी ओटा, कोपऱ्यावरचा निंब, नानांच्या धाब्याच्या घरातली मधली खोली आणि जमलं तर बोरी नदीचं पात्र. पाऊस लागेपर्यंत याच जागा, फक्त वेळा वेगवेगळ्या.

अट एकच. तारीख आणि वेळ चित्राच्या मागे लिहायची, पुढे नाही. आणि गल्लीतल्या कुणीही नुसतं चित्र बघून सांगितलं पाहिजे, किती वाजलेत आणि महिना कोणता. सुंदर-बिंदर नंतर बघू.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांकडून मी वर्षानुवर्षं तेच घोटून घेतो: उजेड डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांत. घागर, विटकर, दोन वांगी, उजवीकडे पडलेली सावली. मार्क मिळतात, माझी तक्रार नाही. पण गल्लीत ऊन असं शिस्तीत पडत नाही. आपला अक्षांश साधारण २१. भर दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांच्या जवळ असतो तो फक्त डिसेंबरात, २१-२२ तारखेच्या आसपास. तेव्हा दुपारी काठीची सावली जवळपास काठीएवढी पडते. तिथून पुढे ती रोज आखडत जाते. येत्या २१ मार्चला दुपारी ती काठीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीच जास्त उरेल. म्हणजे आमचा नेहमीचा घागरीचा देखावा थंडीतला आहे, आणि खान्देशात थंडी असते किती दिवस?

२४ मार्च

होळी. काम नाही. जाळाच्या उजेडात रंग ठरवता येत नाहीत, कागदच केशरी होतो. नुसत्या कोळशानं दोन-चार तोंडं काढली, खालून उजळलेली. सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवलं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. जलरंग आहे ते, हे मुद्दाम सांगावं लागतं. ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांतून पार होणारा लालसर उजेड. जलरंगात वरून उजेड चढवायची सोय नसते, खालचा कागद राखून ठेवायचा असतो. बाकी सगळं चित्र त्या राखलेल्या जागेभोवती गडद करत न्यायचं.

७ एप्रिल

नानांच्या मधल्या खोलीत बसलो. भिंती हातभर जाडीच्या, मातीच्या. वर लाकडी कड्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचं धाबं. बाहेरून आत आलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू उतरंड दिसते, मग दळणाचा डबा, मग बाजेवर पडलेले नाना.

चित्रकाराची इथे खरी पंचाईत होते. बाहेरचं कडक ऊन लाखभर लक्सचं (लक्स म्हणजे उजेडाचं माप), आणि या खोलीत शंभर भरले तरी पुष्कळ. हजारपट फरक. डोळा बाहुली लहानमोठी करतो, शिवाय आतून जुळवून घेतो, म्हणून निभतं. कागदाजवळ तेवढी रेंजच नाही: कोरा कागद आणि सगळ्यात गडद रंग यांत वीस-तीस पटींचा फरक मिळाला तर नशीब. म्हणून निवडावं लागतं. दार दाखवायचं असेल तर खोली काळी ठिक्कर जाऊ द्यायची, खोली दाखवायची तर दार कोरं सोडायचं. रेम्ब्रांटने काळोख निवडला आणि त्यातून एखादा कपाळ-हात एवढाच वर आणला. मी आज दार कोरं सोडलं. चौकटीची एक रेघसुद्धा नाही, उजेडाने ती खाऊन टाकली होती.

धाऱ्यावर, म्हणजे धाब्यातल्या झरोक्यावर, नानांनी पत्रा टाकलाय, त्याला खिळ्याएवढं भोक आहे. त्यातून जमिनीवर उन्हाचा गोळा पडतो. भोक वेडंवाकडं, गोळा मात्र गोल. ती सूर्याचीच प्रतिमा असते. छत दहा फुटांवर, म्हणून गोळा इंचभराचा. छत वीस फुटांवर असतं तर दोन इंचांचा दिसला असता. आणि तो चालतो, मिनिटाला साधारण अर्धा इंच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या रेघा अर्धगोल उमटलेल्या असतात. एकेक रेघ आधी कडेने उजळते, मग पूर्ण पेटते, मग मागे पडते. मी बघतच बसलो, कागदावरचा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळून गेला.

नानी आतून म्हणाल्या, "सर, गोळा उखळाशी आला का?"
"अजून हातभर आहे."
"मग भाकरी टाकायला वेळ आहे."

घरात भिंतीवर घड्याळ आहे. चालूही आहे.

२१ एप्रिल

वाळवणाचे दिवस. गल्लीतल्या सगळ्या धाब्यांवर आणि गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्यात, त्यांवर ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, पापड. सकाळी सातला वर गेलो तर बायका माझ्या आधीपासून कामाला लागलेल्या. थापलेली ओली बिबडी अर्धपारदर्शक असते, खालच्या साडीची फुलं तिच्यातून दिसतात. तासाभरात कडेपासून ती पांढुरकी होत आत सरकते, मधे रुपयाएवढा ओला डाग उरतो, आणि त्या डागात शेवटचं फूल दिसत राहतं. हे चित्रात आणायला वॉश अर्धा ओला असताना कागद टिपून घ्यावा लागतो. तेवढा वेळ या हवेत मिळत नाही. आता कागद मागून-पुढून दोन्हीकडून भिजवतो आणि पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकतो. जास्त टाकलं की रंग चिकट राहतो आणि धूळ धरतो.

पांढऱ्या साडीवर कुरडईच्या टोपलीची सावली पडली होती. पोरांना विचारलं तर सगळे म्हणतील काळी किंवा करडी. नीट बघितली तर निळसर. त्या जागी सूर्य पोचत नाही, पण आभाळ पोचतं, आणि तिला मिळतो तो उजेड आभाळाचा. म्हणून दिवाळीनंतर आभाळ धुतल्यासारखं असतं तेव्हा सावल्या चांगल्या निळ्या असतात, आणि आता एप्रिल-मेमध्ये धुळीने आभाळ पांढरं झालं की त्यांतला निळा उडून जातो. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तपकिरी बर्न्ट सिएना वाढवत गेलो तर महिना आपोआप सरकतो. चित्रात महिना दाखवायची ही एक किल्ली मिळाली. काळ्या ट्यूबचं टोपण या मालिकेत उघडायचं नाही असं ठरवलं.

काळ्या रानात वेगळं गणित असतं. काळी माती उजेड गिळते, परत फार थोडा देते. चुन्याच्या भिंतीशेजारची सावली आणि नांगरलेल्या शेतातल्या बाभळीखालची सावली एकाच वेळी, एकाच आभाळाखाली, पण एका रंगात निघणार नाहीत.

१० मे

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. कोपऱ्यावरच्या निंबाला झोके. माहेरी आलेल्या लेकी, घराघरातून आमरस-पुरणपोळीचा वास. निंबाने चैत्रात पानं बदललीत, त्यामुळे सावली आता दाट, चांगली भरलेली. त्या सावलीत उन्हाचे ठिपके असतात तेही गोलच, नानांच्या खोलीतल्यासारखे. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक भोक. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात याच झाडाखाली सगळे ठिपके चंद्रकोरीसारखे झाले होते. पोरांना चष्मा लावून वर बघण्यापेक्षा खाली बघण्यातच जास्त मजा आली होती.

झोक्यावरची मुलगी पुढे जाते तेव्हा ठिपके तिच्या अंगावरून मागे पळतात. हलणारी सावली कशी काढायची? मी झोका काढलाच नाही. पायांनी घासून गुळगुळीत झालेला जमिनीचा पट्टा, त्यावर ठिपके आणि मधे दोन दोरांची तिरकी सावली. एका आजीबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आठे बठा, सावलीम्हा. उन्हात बसून सावली काय काढतात, सर?" प्रश्न रास्त होता. जागा बदलली.

१३ मे

लोकसभेचं मतदान. शाळेच्या पटांगणात चुन्याने सरळ रेघ आखून दिलेली, रांग कुठे लावायची त्याची. रांग रेघेवर नव्हती. ती भिंतीच्या सावलीने गेली, टाकीपाशी वळली, मग अशोकाच्या झाडांच्या पट्ट्यातून फाटकाकडे. जिथे सावली तुटत होती तिथे रांगही तुटलेली: चार-पाच पावलं जमीन मोकळी, पलीकडे पुढचा माणूस. नंबर कुणीही चुकवला नाही. पोलीसदादा एकदा रेघेकडे बघून आला आणि स्वतःही भिंतीशी उभा राहिला. मतदान केंद्रात चित्र काढता येत नाही, घरी येऊन आठवणीतून काढलं. मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं चित्र हेच ठरेल बहुतेक. त्यात माणसं निव्वळ ठोकळे आहेत. पण सावलीचा नकाशा अचूक आहे.

१९ मे

मोहिनी एकादशी, सखाराम महाराजांचा रथ. एवढ्या गर्दीत कागद उघडायची सोय नाही. बघायला मात्र गेलो.

२५ मे

शून्य सावलीचा दिवस. आपल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा आत्ता, एकदा जुलैच्या मध्यानंतर, आणि जुलैचा ढगांत जातो. घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं आधी. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं, गाव ७५ वर आहे, म्हणून हा उशीर. पोरांना स्टीलचे डबे उभे करून ठेवायला सांगितले. सावली डब्याच्या बुडाखाली शिरली, तशी गल्लीत ओरड झाली. विजेचा खांब नुसता उभा, जमिनीशी काही संबंध नसल्यासारखा.

पारा ४५ च्या घरात. उन्हामुळे जिल्ह्यात १४४ कलम लावल्याचं पेपरात आलंय: मजुरांना भर उन्हात राबवायचं नाही, काम असेल तर सावलीची सोय करायची, क्लासेसना दुपारी बंदी. आता कायदासुद्धा सावलीचं नाव घेतो.

आज मला हवं ते ओट्यावर मिळालं. जिभाऊ ओट्यावर बसून सुतळी वळत होते. डोक्यावर पत्र्याची पडवी, म्हणून ऊन त्यांच्यापर्यंत येत नाही. उन्हाने पेटलेला असतो तो समोरचा रस्ता, आणि तिथून उजेड उलटा वर येतो. त्यामुळे हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांचा आतला भाग, भुवयांची खालची कड हे सगळं उजळ आणि मातकट पिवळं. कपाळ आणि गालांची वरची बाजू मात्र अंधारात. घागरीवर घोटलेले सगळे नियम इथे उलटे करायचे. डोळ्यांच्या खोबण्यांत काळोख भरायची हाताला सवय, आणि इथे खोबणीच सगळ्यात उजळ. हनुवटीखाली यलो ऑकरचा पातळ हात दिला आणि तो माणूस एकदम मे महिन्यात आला.

बाहेर बसून रंगवणं आता बंद. ब्रश पॅलेटवरून कागदावर येईपर्यंत रंग टोकाला सुकतो.

२ जून

चित्रकाराची खोली उत्तरेला उघडणारी असावी, हा नियम आम्ही जीडी आर्टच्या पदविकेला असल्यापासून ऐकतो. उत्तरेचा उजेड थंड, दिवसभर सारखा, थेट ऊन कधी येत नाही. नियम युरोपातून आला आणि तिथे बऱ्यापैकी खराही आहे. माझी खोलीही उत्तरमुखी, मी हौसेने तशी बांधून घेतली. आणि गेले कितीतरी दिवस दुपारी तीननंतर माझ्या टेबलावर ऊन.

कारण साधं आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मार्च संपला की सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. एप्रिलच्या सुरुवातीला उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं ते शेवटचा तासभर. एप्रिलच्या मध्यात पावणेपाचच्या सुमाराला. अखाजीपर्यंत ते तीनच्या आत येऊन ठेपतं. जूनमध्ये तर सूर्य दुपारीसुद्धा उत्तरेकडेच. समोरच्या ओट्याची हीच गोष्ट: हिवाळाभर तिथे ऊन नाही, म्हणून म्हातारी मंडळी कुरकुरतात, वैशाखात दुपारनंतर ऊन, म्हणून पुन्हा कुरकुरतात. बाज भिंतीकडून दाराकडे आणि दाराकडून पलीकडच्या घराच्या ओट्यावर जाते. अमुक घराशी बोलचाल बंद असली तरी वैशाखात बाज जातेच.

खिडकीला जुनं धोतर टांगलंय. उजेड छान गाळून येतो.

१६ जून

अजिंठा. रविवारी गेलो, सोमवारी बंद असतं. वाघूरच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली ३० लेणी. अगोदरही पाहिलीत, या वेळी फक्त सावली बघायला गेलो.

एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर. डोळे सरावायला वेळ दिला. नाकाच्या दांडीवर उजळ पट्टी, हनुवटीवर, खालच्या ओठावर. कडेकडेला रंग गडद होत जातो. उठाव पूर्ण आहे. पण उजेड कुठल्या बाजूने येतोय ते शोधा, सापडणार नाही. शेजारच्या माणसाची सावली त्याच्यावर पडत नाही, खांबाची जमिनीवर पडत नाही, कमळाची हातावर पडत नाही. जे पुढे आहे ते उजळ, जे मागे जातं ते गडद, एवढाच हिशेब. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात छटा देण्याच्या तीन रीती सांगितल्यात, तिला तिथे वर्तना म्हणतात: पानाच्या शिरांसारख्या रेघांची पत्रज, सलग बारीक छटेची ऐरिक आणि ठिपक्यांची बिंदुज. पडछायेचा कारभार त्यांनी ठेवलाच नाही. पडछाया आली की वेळ येते, आणि बोधिसत्त्वाला दुपारचे साडेतीन वाजवून कशाला दाखवायचे?

माझ्या कामाच्या हे अगदी उलट आहे. मला साडेतीनच हवेत. तरी तिथून हलवेना.

एक मात्र जुळलं. लेण्यात येणारा उजेडही जिभाऊंच्या तोंडावर होता तसाच, बाहेरच्या अंगणावरून उसळून आत येतो. गाईड सांगतात, तेव्हाच्या कारागिरांनी पांढऱ्या कापडावरून किंवा पाण्यावरून उजेड परतवून आत आणला. कसा आणला असेल तो असो; हे काम अंधूक उजेडात झालंय, हे निळ्या-पांढऱ्याच्या वापरावरून पटतं. आता मंद दिवे आहेत, फ्लॅशला बंदी. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे बसून नकला केल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जेजे स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम केलं, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रं अंधारात राहिली ती टिकली.

२१ जून

दुपारी ढगांत फट पडली, तेवढ्यात गच्चीवर काठी उभी केली. पाच फुटी काठीची सावली अडीच इंच, दक्षिणेकडे. वर्षातले थोडेच दिवस दुपारची सावली इकडे पडते. यावर चित्र होत नाही, पण डायरीत असावं.

१४ जुलै

पाऊस. सावल्या संपल्या. सगळीकडे सारखा मऊ उजेड, ओटा-रस्ता-निंब एकाच पातळीवर आले. मालिका इथे थांबवली, कारण वेळ सांगणारं काही उरलं नाही.

चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांचं काम पुन्हा बघून आलो. १९१२ ते १९८९. आयुष्य बहुतेक त्या एका घरात काढलं. टेबलटॉप फोटोग्राफी: टेबलावर चिल्लर वस्तू मांडायच्या, एका बाजूने उजेड टाकायचा आणि फोटोत आख्खा देखावा उभा करायचा. केवढी आहे वस्तू, ते सावली ठरवते. सावलीची कड धारदार ठेवायची की विरघळू द्यायची, यावर ढेकळाचा डोंगर होतो की ढेकूळच राहतं. घराबाहेर न पडता त्यांनी ऊन बनवलं. मी ऊन शोधत उन्हात हिंडलो.

११ ऑगस्ट

कानबाईचा रविवार, खान्देशातला श्रावणाचा सण. सुरतेची, पुण्याची सगळी भाऊबंदकी गावात. संध्याकाळी समोरच्या ओट्यावर चित्रं भिंतीला टेकवून मांडली, काचा नाहीत, फ्रेमा नाहीत. नावं लावली नाहीत. नुसतं विचारलं: किती वाजलेत?

नानींनी खोलीचं चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "भाकरी टाकायची वेळ." मतदानाच्या चित्रात दोघातिघांनी आपापली जागा शोधली. जिभाऊंना स्वतःचं तोंड पटलं नाही, ऊन पटलं. अखाजीचं दुपारचं म्हणून सगळ्यांनी ओळखलं, दोरांवरून असेल.

ओट्याच्या एका चित्रावरून मात्र जुंपली. सावलीत बाज, बाजेखाली मांजर. सुरतेचा पुतण्या म्हणे, मेमधलं, सकाळचं. त्याची आजी म्हणाली, "येडा झाला का? भिंतीवरचा पट्टा बघ, मावळतीकडून आलाय, सकाळचा कसा असेल? आणि मे असता तर चार वाजता बाजेवर ऊन आलं असतं, मांजर तिथे झोपलं असतं का? हे अखाजीच्या आधीचं आहे, पंधरा-वीस दिवस तरी." पुतण्याने चित्र उलटं केलं. मागे लिहिलंय: १८ एप्रिल, दुपारी ४.४०.

दोन चित्रं कुणालाच लागली नाहीत. ती बाजूला काढलीत. बाकीची उद्या फ्रेमवाल्याकडे, काच साधी नको, चकाकी न येणारी, नाहीतर ट्यूबलाइटच दिसेल आत.